वडिलांचा व्यवसाय

आमच्या घरांत ‘तमाशा’ हा शब्द रागावण्यासाठीच वापरला जातो. मूल हट्टाने जमिनीवर लोळू लागले की आई म्हणते, ‘तमाशा मत कर.’ भाऊ-भाऊ वाटणीवरून भांडले की शेजारी म्हणतात, ‘घर का तमाशा हो गया.’ म्हणजे चारचौघांनी पाहिले आणि अब्रू गेली. मी मुलांना उर्दू शिकवतो. या शब्दाचे मूळ त्यांना सांगावे लागते तेव्हा मला गंमत वाटते. अरबीत चालण्याशी संबंध असलेला हा शब्द फारसीत आला आणि फिरून पाहणे, मौज पाहणे असा त्याचा अर्थ झाला. उर्दूत तो पाहण्याजोगा देखावा म्हणून राहिला. मराठीत मात्र त्याची एक अख्खी कला झाली. ढोलकी, तुणतुणे, कडे, हलगी घेऊन ती गावोगाव हिंडली. शाहीर, मुजरा, सवाल-जवाब, दौलतजादा, रंगबाजी, कनात. फडातल्या माणसाच्या तोंडी रोज असणारे हे शब्द माझ्या वर्गातल्या मुलांना समजावून सांगावे लागत नाहीत. शब्द आपले, आणि ते ज्या माणसाच्या तोंडी आहेत तो मात्र आपल्याला परका वाटतो. हे कसे झाले, याचा विचार मी गेले वर्षभर करतो आहे. त्याला कारण एक चाचा.

चाचा परभणीत पावसाळ्याचे चार महिने छत्र्या दुरुस्त करतात. मशिदीच्या कोपऱ्यावर गोणपाट अंथरलेले, समोर तारा, काड्या, सुई-दोरा, पक्कड आणि जुन्या छत्र्यांचा ढीग. माझी छत्री त्यांनी तीनदा नीट केली आहे. दसरा झाला की कोपरा रिकामा होतो आणि वैशाख सरल्यावर पुन्हा भरतो. मधल्या काळात ते कुठे जातात हे मोहल्ल्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण कोणी बोलत नाही. कोणी नवख्याने विचारलेच तर ‘बाहर गाँव काम पे रहते’ एवढेच उत्तर मिळते. चाचा एका लहानशा फडात सोंगाड्याचे काम करतात. चौदाव्या वर्षी बत्तीत रॉकेल भरायला म्हणून ते फडावर गेले आणि तिथलेच झाले.

त्यांची धाकटी मुलगी माझ्या वर्गात आहे. आठवीच्या प्रवेशाचा अर्ज भरायला ते तिला घेऊन जूनमध्ये शाळेत आले होते. अर्जात एक रकाना असतो, वडिलांचा व्यवसाय. मी पेन थांबवून त्यांच्याकडे पाहिले.

‘छत्री दुरुस्ती लिखो सर. दूसरा कुछ नक्को लिखो.’

मी तसे लिहिले. मुलगी खिडकीबाहेर पाहत होती. तिला पाण्याच्या टाकीकडे पाठवून चाचा हळूच म्हणाले, ‘बडी का रिश्ता आया था. बात पक्की होने को आयी थी. कोई जाको बोल दिया, लडकी का बाप तमासगीर है. लोगां वापस गये.’ मग थोडे थांबून म्हणाले, ‘सर, तुम पढे-लिखे हैं. एक बार आको देखो मैं क्या करता. फिर बोलो, छोडूं क्या.’

असे कोणी विचारले तर न पाहता उत्तर देता येत नाही. उन्हाळ्यात निरोप आला की पोखर्णीला खेळ आहे. मी गेलो.

पोखर्णी परभणीहून गंगाखेडच्या वाटेवर लागते. नृसिंहाचे गाव म्हणून जिल्ह्यात ओळखले जाते. रेल्वेच्या स्टेशनालाही पोखर्णी नृसिंह असेच नाव आहे. पुढे गंगाखेड म्हणजे संत जनाबाईंचे गाव. सगळा मुलूख काळ्या मातीचा, कापूस-सोयाबीन-ज्वारीचा आणि पावसाकडे डोळे लावून बसणारा. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत इथे निजामाचे राज्य होते आणि कचेरीचा कारभार उर्दूत चाले. त्यामुळे इथल्या म्हाताऱ्या मराठी शेतकऱ्याच्या बोलण्यातही ‘तारीख’, ‘मुद्दत’, ‘दरखास्त’ सहज येते, आणि आमच्या दखनीत ‘नक्को’ येते. भाषांनी आपसांत कधीच सोयरीक केली आहे.

मी पोहोचलो तेव्हा दिवस नुकताच मावळला होता. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात कनात लावलेली, एका बाजूला राहुट्या, मध्ये फळ्यांचा रंगमंच. नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमाराला ज्यांच्या सुपाऱ्या ठरतात त्या मोठ्या फडांत शे-सव्वाशे माणसे, ट्रक, जनरेटर असा संसार असतो. हा फड वीस-पंचवीस माणसांचा होता. एक टेम्पो आणि एक जीप. पोरे कनातीच्या फटीतून आत डोकावत होती. म्हातारी माणसे घोंगडी टाकून पुढची जागा धरून बसली होती. बायका सतरंज्या घेऊन मागच्या अंगाला बसत होत्या.

राहुटीच्या मागे चाचा मगरिबची नमाज पढत होते. ज्या गोणपाटावर ते परभणीत बसतात तेच इथे अंथरले होते. फडातला ढोलकीवाला जरा दूर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताने अडवत होता, ‘मामूचं व्हऊ द्या, मग जावा.’ गावाकडे मुसलमान माणसाला मामू म्हणण्याची रीत आहे, फडातही ते मामूच. सलाम फेरल्यावर त्यांनी मला पाहिले, हसले, आणि आरशाचा तुकडा घेऊन तोंडाला सफेदा लावायला बसले. भुवया काजळाने मोठ्या केल्या. घोट्यापर्यंतचा ढगळ कुडता, विजारीचा एक पाय वर, एक खाली. हातात छत्री घेतली, तिला कापडच नव्हते. नुसता काड्यांचा सांगाडा.

ढोलकी कडाडली आणि गण झाला. गणात चाचा मागच्या रांगेत, गाणाऱ्यांच्याही मागे उभे होते. त्यांचे काम गवळणीत सुरू होते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांची मावशी, आणि वाट अडवणाऱ्या कृष्णाचा बोबडा, वाकडा सवंगडी पेंद्या. तमाशात पेंद्या आणि मावशी यांनाच जास्त बोलायचे असते. मावशी झालेला पुरुष आणि पेंद्या झालेले चाचा यांची जुगलबंदी अर्धा तास चालली. मागच्या अंगाला बसलेल्या बायकाही पदर तोंडाशी धरून हसत होत्या.

पण सोंगाड्याची खरी परीक्षा बतावणीत होते. गवळणीला ठरलेली चाल असते, वगाला कथा असते. बतावणीत समोर एक शहाणा सरदार आणि दुसरा हा येडा, एवढेच असते. बाकी सगळे त्या गावचे, त्या दिवसाचे. सरदाराने विचारले, ‘काय रे, नाव काय तुझं?’

‘कुठल्या गल्लीत इचारता?’

‘म्हणजे?’

‘हिकडं मामू, मोहल्ल्यात चाचा, बाजारात छत्रीवाला. तलाठ्याच्या दप्तरात मयत.’

‘मयत? आरं, तू तर जिता हाईस!’

‘त्येच तर सांगाया गेलतो. सातबाऱ्यावर नाव लावा म्हणलं. म्हणले, वारस आण. म्हणलं, म्याच वारस. म्हणले, मग बाप मेल्याचा दाखला आण. दाखला आणाया गेलो, त्यांनी माझाच देला.’

कनात हसून हलली. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने मांडीवर थाप मारली. त्या हसण्यात नवल नव्हते, कारण अशा कागदासाठी हेलपाटे न घातलेला माणूस त्या रानात क्वचितच असेल. चाचांनी सांगाड्याची छत्री उघडून डोक्यावर धरली.

‘ही काय रे?’

‘योजना. दिसती छत्रीवानी. उघडली की पाऊस आत.’

मग आवाज जरा खाली आला. ‘सरदार, एक सांगतो. कुणाला मरायचं आसंल तर दाखले आधी काढून ठिवा. मागं बायकूला लई हेलपाटे पडत्यात.’

कोणी हसले नाही. मराठवाड्यातल्या गावात हे वाक्य म्हणजे काय, हे सांगायची गरज नव्हती. शेतकऱ्याने जीव दिला की सरकारी मदतीसाठी त्याचे प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे कागदावर ठरते. पात्र ठरले तर घराला एक लाख रुपयांची मदत, अपात्र ठरले तर काही नाही. कर्ज कोणाच्या नावावर होते, जमीन कोणाच्या नावावर होती, यावर सगळे अडते. सरदाराने ती शांतता थोडी राहू दिली, मग विचारले, ‘मग तू पात्र का अपात्र?’

‘वगात पात्र. सरकारात अपात्र.’

आणि चाचा त्या सांगाड्याच्या छत्रीत स्वतःचाच पाय अडकवून धाडकन पडले. थांबलेले हसू एकदम फुटले. माझ्या शेजारचा म्हातारा मात्र हसताना उपरण्याने डोळे पुसत होता. ते पाणी हसण्याचे की दुसरे कशाचे, हे मी विचारले नाही.

याच वेळी मागून एक तरुण पोरगा ओरडला, ‘ए मियाँ, पाकिस्तानला कधी जातू?’

दोन-चार जण खिदळले. मी बसल्या जागी आवळलो गेलो. असे वाक्य कानावर पडते तेव्हा काय होते, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. एस.टी.त, चहाच्या टपरीवर, कधी शिकल्या-सवरल्यांच्या बैठकीत ते येते. आपण ऐकले नाही असे दाखवतो, किंवा रागाने उठून जातो, किंवा रात्री अंथरुणावर पडून चांगले उत्तर शोधत बसतो. चाचा उठून उभे राहिले, कुडता झटकला, कपाळावर हात धरून त्या पोराच्या दिशेने पाहिले आणि अगदी काकुळतीला येऊन म्हणाले,

‘निघालोच हुतो रं लेकरा! माझा आज्जा गाठुडं बांधून पोखर्णीच्या ठेसनावर बसला. पाशिंजर लेट. आज्जा गेला, बाप बसला. बाप गेला, म्या बसलोय. तीन पिढ्या झाल्या, गाडीचा पत्त्या न्हाई. तू शिकल्याला दिसतूस. इचारून सांग बरं, कितीक लेट हाय?’

त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा तो होता. त्या पोराभोवतीच्या मित्रांनीच त्याच्या डोक्यात टपल्या मारल्या आणि तोही हसला. पुढच्या रांगेतला एक जण ओरडला, ‘मामू, गाडी रद्द झाली, घरी जा!’ चाचांनी लगेच हात जोडले, ‘घरीच तर हाय!’

मी त्या उत्तराचा पुष्कळ विचार केला आहे. पोखर्णीच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहिली नाही असा माणूस त्या गर्दीत नसणार. अपमानाचे वाक्य चाचांनी उचलले आणि सगळ्या गावाच्या ओळखीच्या बाकावर नेऊन ठेवले. तिथे ते एकट्या मुसलमानाचे राहिले नाही. ‘आम्ही इथलेच आहोत’ हे आपण व्यासपीठावरून पुराव्यांसह सांगतो, लेख लिहून सांगतो. ते सांगितलेच पाहिजे. पण ज्याला ते ऐकायचे नसते तो आपल्या सभेला येत नाही. तो तमाशाला येतो.

या उत्तराची किंमतही मी पाहिली. बतावणी आणि वग यांच्या मध्ये चाचा राहुटीत पाणी प्यायला आले. सफेदा घामाने ओघळला होता. मी त्या पोराचा विषय काढला. म्हणाले, ‘हर गाँव में एक रहताच सर. गाँव का नाम बदलना, ठेसन का नाम बदलना. जहाँ ठेसन नै वहाँ येस्टी. जवाब तैय्यार रखना पडता. पैले गुस्सा आता था. अब गुस्सा बाद में आता, खेल हुए पे.’ एवढे बोलून ते वगासाठी हवालदाराचा पट्टा बांधू लागले.

खेळ पहाटेपर्यंत चालला. सोंगाड्याला हे स्वातंत्र्य परंपरेनेच दिले आहे. वगात राजा असो की पाटील, त्याच्या तोंडावर खरे बोलण्याची मुभा त्याच्या या वेड्या नोकराला असते. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी ‘जहरी प्याला’ या वगात हवालदार रंगवून महाराष्ट्राला हसवले. दादू इंदुरीकरांच्या ‘गाढवाचं लग्न’मधला सावळ्या कुंभार असाच. आणि या परंपरेत आपण पाहुणे नाही. पेशवाईच्या अखेरच्या काळातले शाहीर सगनभाऊ मुसलमान होते, जेजुरीचे. हत्यारांना धार लावण्याचा शिकलगारी धंदा करणारे. होनाजी बाळाच्या तोडीचे म्हणून मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांचे नाव आहे. बार्शीचे मेहबूब पटेल म्हणजेच शाहीर अमर शेख. अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथकात उभे राहून त्यांनी संयुक्त महाराष्ट्राची चळवळ गाजवली. अलीकडचे उदाहरण शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे बशीर मोमीन कवठेकर. नामवंत फडांसाठी त्यांनी लावण्या आणि वग लिहिले. राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला, २०२१ मध्ये ते गेले. त्यांनी लिहिलेले शब्द गावोगावच्या रंगमंचावर म्हटले गेले, तेव्हा किती जणांनी लेखकाचा धर्म विचारला असेल?

आपल्या समाजाचे आक्षेप मला माहीत आहेत. एक आक्षेप दीनचा आहे. गाणे-बजावणे आणि सोंग घेणे यांबद्दल उलमांची मते आहेत, ज्याला ती पाळायची त्याने पाळावीत. मी त्यावर वाद घालणारा आलिम नाही. पण रिश्ता मोडला तो या कारणाने नव्हे. ज्या घराने तो मोडला त्याच घरातल्या लग्नात बँड वाजतो आणि व्हिडिओवाल्यासमोर सगळे नाचतात, हे मी पाहिले आहे. खरा आक्षेप प्रतिष्ठेचा आहे. जॉनी वॉकर हे आपल्याच बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी यांचे पडद्यावरचे नाव. मुंबईत बसचे कंडक्टर होते, प्रवाशांना हसवता हसवता सिनेमात गेले. त्यांनी पडद्यावर आयुष्यभर दारुड्याचे सोंग केले आणि स्वतः दारूला शिवले नाहीत, हे आपण किती अभिमानाने सांगतो! त्यांच्या घरी सोयरीक जुळली असती तर कोण नाही म्हणाले असते? सोंग दोघांचेही. एकाचे रुपेरी पडद्यावर, दुसऱ्याचे धुळीत. फरक कलेत नाही, कमाईत आहे.

कमाई तरी किती? हंगाम सात-आठ महिन्यांचा. पाऊस पडला की फड बंद. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे करोनाने खेळच बंद होते. मोठमोठ्या फडमालकांनी कर्ज काढले, लहान कलावंत मजुरीला गेले. चाचांनी त्या काळात हातगाडीवर कांदे-बटाटे विकले. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण सोंगाड्याइतकी कोणाला कळणार?

पहाटे मी परतीच्या गाडीसाठी निघालो तेव्हा चाचांनी चेहरा धुतला होता. कानाच्या पाळीमागे सफेदा राहिला होता. फजरची वेळ होत आली होती. त्यांनी जूनमधला प्रश्न पुन्हा विचारला, ‘देखे ना सर? अब बोलो, छोडूं क्या?’

घरात लग्नाची मुलगी असलेल्या बापाला ‘कलेसाठी राहा’ असे सांगणे सोपे आहे. सांगणाऱ्याला काही भोगावे लागत नाही. म्हणून मी ते सांगितले नाही. मी म्हणालो, ‘चाचा, तुम्ही सोडायचे की नाही हे तुम्ही ठरवा. पण मी काय पाहिले ते मी लपवणार नाही. मोहल्ल्यात सांगणार, शाळेत सांगणार.’ ते काही बोलले नाहीत. गोणपाट झटकून त्यांनी किबल्याकडे अंथरले.

शाळा सुरू झाल्यावर एका दुपारी त्यांची मुलगी टेबलाशी आली. तिने वडिलांचा खेळ कधी पाहिलेला नाही. घरातून परवानगी नाही. तिने खाली मान घालून विचारले, ‘सर, अब्बा सच में सब को हँसाते?’ मी तिला पॅसेंजरची गोष्ट सांगितली. आधी ती समजली नाही. मग समजली आणि ती तोंडावर ओढणी धरून इतकी हसली की बाकीच्या मुली जवळ आल्या. मला ती गोष्ट पुन्हा सांगावी लागली.

या वर्षीचा शिष्यवृत्तीचा अर्ज मी मुलींनाच भरायला दिला होता. तिच्या अर्जात त्या रकान्यात दोन शब्द आहेत. आधी छत्रीसाज, आणि स्वल्पविराम देऊन पुढे फनकार. कार्यालयात कोणी विचारले तर उत्तर मी देईन. मोठीचा रिश्ता अजून जमलेला नाही. चाचा दसऱ्याला फडावर जाणार की नाही हे त्यांनी अजून ठरवलेले नाही. तूर्त पाऊस आहे आणि ते कोपऱ्यावर बसलेले असतात. ज्यांच्या घरी मोडकी छत्री आहे आणि लग्नाचा मुलगाही आहे, त्यांनी एकदा तिथे जाऊन त्यांच्याशी दोन शब्द बोलावे, एवढ्यासाठी हे लिहिले.